आधी खातेवह्या उघडा: बेसबॉल संघांच्या तीस मालकांना खुलं पत्र

प्रति,
मेजर लीग बेसबॉलच्या तीस संघांचे मालक
आणि कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांस,

स. न. वि. वि.

खेळाडूंच्या संघटनेशी असलेला तुमचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मागच्या वेळी करार संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ डिसेंबर २०२१ ला, तुम्ही टाळं लावलं, म्हणजे नवा करार होईपर्यंत खेळाडूंचं काम बंद केलं, आणि ते १० मार्च २०२२ पर्यंत, ९९ दिवस, काढलं नाही. या वेळी तुमच्यापैकी काहींना खेळाडूंच्या पगारावर मर्यादा हवी आहे. बाल्टिमोर ओरिओल्सचे डेव्हिड रुबेनस्टाइन तसं जाहीरपणे बोलले, कोलोराडो रॉकीजचे डिक मॉनफर्टही बोलले. मॉनफर्ट यांनी मर्यादेच्या जोडीला किमान खर्चाची अटही हवी असं म्हटलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पण माझी मागणी त्याच्याही आधीची आहे. पगाराला मर्यादा घालायची तर आधी तुमच्या खातेवह्या उघडा.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. पेशाने हिशेबनीस आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या नोंदी तपासते. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण आमच्या घरात बेसबॉल मराठीतच बोललं गेलं. माझी मुलगी रिकी हेंडरसन या खेळाडूच्या १,४०६ चोऱ्यांचा (पळून पुढचा बेस गाठायचा, ती चोरी) आकडा पाढ्यांच्या आधी शिकली. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात, न्यू जर्सीत, शिकागोत अशी किती तरी मराठी घरं आहेत, जिथं मुलांमुळे आईबापांना हा खेळ लागला. त्यांनी हे वाचावं आणि तुमच्यापर्यंत पोचवावं.

२०१२ च्या उन्हाळ्यात माझे वडील नगर जिल्ह्यातून आमच्याकडे आले होते. एका दुपारी त्यांना आमच्या भागातल्या ओकलंड ए'ज या संघाच्या सामन्याला नेलं. बार्ट या लोकल रेल्वेच्या कोलिझियम स्टेशनातून एक लांब पूल मैदानाकडे जातो. त्यावर हातगाडीवर कांदा परतत होता, कुणी पाण्याच्या बाटल्या विकत होतं, कुणी हिरव्या-पिवळ्या टोप्या. "जत्रेला आल्यागत वाटतंय," वडील म्हणाले. आत उजव्या बाजूच्या उघड्या बाकांवर ढोल वाजत होते, ते ऐकून तर त्यांची कळीच खुलली. तिसऱ्या इनिंगपर्यंत त्यांना स्ट्राइक आणि बॉल कळायला लागले. पाचव्या इनिंगला त्यांनी विचारलं, "हे सगळं कुणाच्या मालकीचं?"

मी सांगितलं, मालकाच्या.

"सभासद किती?"

सभासद नसतात, म्हटलं.

"मग ताळेबंद कोण वाचतं?"

वडील गावाकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. दरवर्षी सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल घरी येतो. ते ओसरीवर बसून, ओळीखाली फूटपट्टी धरून तो वाचतात आणि शंका आली की पेन्सिलीने समासात खूण करतात. आमच्याकडच्या सभाही काही आदर्श नसतात. विषयपत्रिकेतले सगळे विषय "मंजूर, मंजूर"च्या आरोळ्यांत उरकलेले मी लहानपणी पाहिलेत. पण अहवाल छापावा लागतो, घरोघरी पाठवावा लागतो, आणि पेन्सिलीची खूण करणारा एखादा तरी सभासद उभा राहून विचारतोच. ए'जच्या बाबतीत वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तुमच्या तीस संघांपैकी एकाच संघाचे आकडे मला घरबसल्या नीट वाचता येतात, तो म्हणजे अटलांटा ब्रेव्ह्ज. २०२३ पासून त्यांची मालक कंपनी शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदलेली आहे, म्हणून कायद्यानेच त्यांना सगळं जाहीर करावं लागतं. किती जमा झालं, त्यातलं मैदानावरचं किती, मैदानाशेजारच्या दुकानांच्या आणि कार्यालयांच्या भाड्याचं किती, सगळं त्यात आहे. आकडे उघडे पडले म्हणून अटलांटाचं काही बिघडल्याचं मला तरी दिसलं नाही. टोरांटो ब्लू जेजही एका मोठ्या नोंदणीकृत दूरसंचार कंपनीकडे आहे, पण त्यांचे आकडे तिच्या इतर धंद्यांत मिसळून येतात. बाकीच्या संघांचं जे काही कळतं, ते फोर्ब्ससारख्या मासिकांच्या अंदाजांवरून. पूर्ण खेळाची वर्षाची उलाढाल १२ अब्ज डॉलरच्या घरात आहे, आणि तिचा हिशेब आम्ही अंदाजाने लावायचा.

तुम्ही म्हणाल, खाजगी मालमत्ता आहे, हिशेब का द्यायचा? एका बाजूने बरोबर आहे. पण १९२२ पासून तुम्हाला एक सवलत आहे, जी या देशातल्या दुसऱ्या कुठल्याच धंद्याला त्या रूपात नाही. बेसबॉल म्हणजे राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवलं आणि मक्तेदारीविरोधी कायदा तुम्हाला लागू होईनासा झाला. १९५३ मध्ये ते कायम झालं. १९७२ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूच्या खटल्यात न्यायाधीशांनी ही विसंगती असल्याचं मान्य केलं आणि तरी ती तशीच ठेवली. १९९८ च्या कायद्याने फक्त मेजर लीग खेळाडूंच्या नोकरीपुरती ती काढली. कोणता संघ कुठल्या गावात राहणार, हे अजूनही तुम्ही तीस जणच ठरवता.

त्याचं फळ आम्ही बे एरियात पाहिलं. १९८० मध्ये वॉल्टर हास यांच्या कुटुंबाने ए'ज १ कोटी २७ लाख डॉलरला घेतला. त्यांनी संघावर मनापासून खर्च केला. १९८९ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे वर्षाची अंतिम लढत, ओकलंडने जिंकली, १९९० मध्ये २९ लाख प्रेक्षक आले, १९९१ मध्ये तर पगाराचा आकडा साऱ्या लीगमध्ये सगळ्यात मोठा होता. "ओकलंड छोटी बाजारपेठ आहे, तिथं लोक येत नाहीत" असं जो म्हणतो त्याने ही तीन वर्षं डोळ्यांसमोर ठेवावीत. गाव तेच, कोलिझियम तेच. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्को जायंट्स बे एरिया सोडून जायच्या बेतात होते. ते राहावेत म्हणून हास यांनी सॅन होजेचा मुलूख, म्हणजे तिथं संघ नेण्याचा हक्क, त्यांना एक पैसा न घेता देऊन टाकला. जायंट्स सॅन होजेला गेले नाहीत, पण मुलूख त्यांच्याकडेच राहिला.

पुढे ए'जला सॅन होजेला मैदान बांधायचं होतं. ओकलंडपासून ते साधारण ६५ किलोमीटर. जायंट्सनी नाही म्हटलं. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने १९२२ च्याच सवलतीकडे बोट दाखवून शहराला परत पाठवलं. त्याआधी आमच्या फ्रीमाँटचीही पाळी येऊन गेली होती. २००६ मध्ये पॅसिफिक कॉमन्सच्या बाजूला मैदान होणार अशी घोषणा झाली. आम्ही शेजारीपाजारी घरापासून ते किती मिनिटांवर पडेल ते मोजत बसायचो. २००९ च्या सुरुवातीला तो बेत मोडला. मग ओकलंडच्याच बंदरावर, हॉवर्ड टर्मिनलला, १२ अब्ज डॉलरचा भव्य प्रकल्प आला, तोही २०२३ च्या एप्रिलमध्ये सोडून दिला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला टेक्सासमध्ये तुमची बैठक झाली आणि लास वेगासला जायला तुम्ही तीस विरुद्ध शून्य अशी परवानगी दिलीत. ६५ किलोमीटरवरच्या शेजारच्या गावाला नकार, आणि दुसऱ्या राज्यात वाळवंटात जायला एकमत. नेवाडा सरकारने त्यासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा कबूल केला. तिथल्या शिक्षकांनी "मैदानांआधी शाळा" म्हणत विरोध केला, पण तो चालला नाही.

सरकारी पैशाचा ओकलंडला आधीचाच चटका बसलेला आहे. फुटबॉलच्या रेडर्सना परत आणण्यासाठी १९९५-९६ मध्ये कोलिझियमवर बाकांची एक अजस्र भिंत चढवली गेली. तिच्यामुळे मैदानातून दिसणारे डोंगर कायमचे झाकले गेले. रेडर्स २०२० मध्ये वेगासला गेले, त्यानंतरही ओकलंड आणि अलमीडा काउंटीचे करदाते त्या भिंतीचं कर्ज फेडतच होते. असं पोळलेलं गाव ए'जशी बोलताना सावधपणे बोललं, तर ते त्याचं कर्तव्यच होतं.

मॅनफ्रेडसाहेब, आता तुमच्याशी दोन शब्द. १३ जून २०२३ च्या रात्री चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला होता. रिकाम्या बाकांचा ठपका गावावर येतो, म्हणून मुद्दाम मैदान भरायचं ठरलं. २७,७५९ लोक आले. हिरवे शर्ट, छातीवर "विका" हा एकच शब्द. पाचव्या इनिंगला सगळं मैदान गप्प झालं, इतकं की पिचरच्या बुटांखालची माती ऐकू यावी. एक बॅटर झाला आणि मग एकदम गर्जना उठली, संघ विका, संघ विका. दोन दिवसांनी तुम्ही म्हणालात की एका रात्रीपुरती ही गर्दी लीगच्या सरासरीच्या जवळपास पोचली, छान झालं. ते शब्द ओकलंडला लागले, कारण त्या मोसमात संघ ११२ सामने हरला आणि पगारावरचा खर्च सुमारे ६ कोटी डॉलर, म्हणजे लीगमध्ये तळाला होता. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्स त्याच्या पाचपटीहून जास्त खर्च करत होते.

तुमच्या पदाला "बेसबॉलच्या हितासाठी" हस्तक्षेप करण्याचा अधिकार आहे. तो याच संघावर एकदा वापरला गेलाय. जून १९७६ मध्ये तेव्हाचे मालक चार्ली फिनली यांनी जो रुडी, रॉली फिंगर्स आणि वाइडा ब्लू हे तीन मोहरे ३५ लाख डॉलरला विकायला काढले. तुमचे पूर्वसुरी बोवी कून यांनी तो व्यवहार रद्द केला. तीनदा वर्ल्ड सीरिज जिंकलेला संघ असा पोखरणं खेळाच्या हिताचं नाही, असं ते म्हणाले. त्या निर्णयावर टीका झाली आणि कोर्टकचेरीही, पण अधिकार टिकला. मग २०२३ मध्ये तो कपाटातच का राहिला, हे तुम्ही ओकलंडला कधी तरी सांगायला हवं.

आता पैशाच्या वाटणीबद्दल. माझं खरं भांडण तिथं आहे, आणि वाचकांनाही हे समजलं पाहिजे. प्रत्येक संघ आपल्या स्थानिक निव्वळ उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एका सामाईक हौदात टाकतो आणि तो हौद सगळ्यांमध्ये सारखा वाटला जातो. श्रीमंत संघ जास्त टाकतात, गरीब संघांना टाकल्यापेक्षा जास्त मिळतं. ही पद्धत चांगली आहे, आणि मी तिच्या बाजूची आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा टीव्हीचा एकच करार २५ वर्षांचा आणि आठ अब्ज डॉलरच्या वरचा. दुसरीकडे कित्येक छोट्या संघांचे सामने दाखवणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ही दरी कुणाच्या आळसामुळे पडलेली नाही, आणि वाटणीशिवाय ती भरणार नाही.

पण वाटणीतून मिळालेला पैसा संघावर लागतो का, हे बघणारी अट फार ढिली आहे. मिळालेल्या रकमेच्या दीडपट तरी पगारावर जावी अशी अपेक्षा आहे. त्याखाली गेलात तर पैसा संघ सुधारण्यासाठीच वापरला हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते, तीही संघटनेने तक्रार केली तर. ती सुनावणी बंद दाराआड होते. म्हणजे आमच्या गावाचा पैसा, दुसऱ्या गावांच्या प्रेक्षकांचा पैसा, आणि त्याची पावती आम्हा कुणालाच दिसत नाही.

ए'जचीच नोंद बघा. त्यांचा सगळ्यात मोठा करार २००४ मधला होता, एरिक चावेझचा, ६ कोटी ६० लाख डॉलरचा. वीस वर्षं तो तसाच शिखरावर राहिला. या वीस वर्षांत खेळाची उलाढाल कितीतरी वाढली, आणि २००५ मध्ये १८ कोटीला विकल्या गेलेल्या या संघाची किंमत अंदाजाने एक अब्जाच्या वर गेली. तो आकडा मोडला डिसेंबर २०२४ मध्ये, लुइस सेव्हेरिनोच्या ६ कोटी ७० लाखांनी. ओकलंडमधला शेवटचा सामना होऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. पुरेसा खर्च नसल्याबद्दल संघटना तक्रार करील, या धास्तीने तिजोरी उघडली असं तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं. ते खरं की खोटं, हे वह्या दाखवल्या तर एका दुपारी मी तुम्हाला सांगीन. माझं कामच आहे ते.

आणि पगारमर्यादा. आपल्याकडचे वाचक म्हणतील, त्यात काय वाईट? आयपीएलमध्ये आहेच की. आहे ना. २०२५ च्या मोसमासाठी प्रत्येक संघाकडे खेळाडूंवर खर्चायला १२० कोटी रुपये होते, पण त्यातले किमान ७५ टक्के खर्च करायचं बंधनही होतं. इथल्या बास्केटबॉलमध्ये आणि फुटबॉलमध्येही मर्यादा आहे. तिथं खेळाडूंना एकूण उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा, साधारण निम्मा, मिळतो, आणि हिस्सा ठरवायचा तर आधी एकूण किती ते दोन्ही बाजूंनी तपासावंच लागतं. उत्पन्न न दाखवता नुसता पगार बांधायचा म्हणजे उसाचा भाव ठरवायचा आणि साखर किती निघाली ते सांगायचं नाही. हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही पटणार नाही.

खेळाडूंना काय कमी, असंही म्हटलं जातं. ह्वान सोतोचे १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर सगळ्यांना पाठ आहेत. पण सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तो संघ देईल त्या पगारावर खेळतो. २०२५ मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. तो मोठाच आहे, पण बरेच जण एवढी वर्षं टिकतच नाहीत. खालच्या संघांतली मुलं २०२३ पर्यंत सगळ्यात वरच्या पायरीवर वर्षाला १७,५०० डॉलरवर खेळत होती. मोसमात एका खोलीत चार-पाच जण राहायचे. त्यांनी संघटना केली तेव्हा कुठे ते ३५,८०० झालं. १९८५ ते ८७ या काळात तुमच्या आधीच्या मालकांनी आपसात ठरवून करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना बोली लावायची नाही असं केलं होतं, आणि ते सिद्ध होऊन २८ कोटी डॉलर भरावे लागले. १९९४ मध्ये पगारमर्यादेच्याच आग्रहातून संप झाला आणि त्या वर्षी वर्ल्ड सीरिजच झाली नाही. ज्या संघटनेला हे सगळं आठवतं, तिने तुमच्या तोंडी आकड्यांवर विश्वास का ठेवावा?

डॉजर्स सगळं विकत घेतात, ही तक्रार मला समजते. २०२५ मध्ये त्यांनी जवळपास १७ कोटी डॉलर नुसता लक्झरी टॅक्स, म्हणजे पगाराचा ठरलेला आकडा ओलांडल्याचा दंड, भरला आणि लागोपाठ दुसरी वर्ल्ड सीरिज जिंकली. पण त्याच मोसमात सगळ्यात जास्त सामने, ९७, जिंकले ते मिलवॉकीने, आणि मिलवॉकी ही लीगमधल्या सगळ्यात लहान बाजारपेठांपैकी एक. २०२३ मध्ये एवढा पैसा ओतून मेट्स ८७ सामने हरले. आमच्याच ओकलंडने २००२ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलरच्या पगारावर, संघाचे व्यवस्थापक बिली बीन यांच्या हाताखाली, १०३ सामने जिंकले, त्यातले वीस सलग. थोड्या पैशात संघ उभा राहतो. मालकाची इच्छा मात्र लागते, आणि इच्छा आहे की नाही ते खर्चाच्या नोंदीतच दिसतं.

२६ सप्टेंबर २०२४ ला, ओकलंडमधल्या त्या शेवटच्या सामन्याला, मुलगी कॉलेज बुडवून माझ्याबरोबर आली. गुरुवार, दुपारी १२.३७ चा सामना, ४६,८८९ लोक. रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट, दोघेही ओकलंडमध्ये वाढलेले, पहिला चेंडू टाकायला आले. तीन महिन्यांनी रिकी गेला. आम्ही त्याला शेवटचं तिथंच पाहिलं. ए'जनी टेक्सासला ३-२ ने हरवलं. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसवरच्या मॅक्स शूमनकडे गेला, त्याने तो पहिल्या बेसला फेकला, आणि कुणी जागचं हललंच नाही. मॅनेजर मार्क कॉटसे मैदानात उभे राहून आमच्याशी बोलले आणि त्यांनीच "लेट्स गो ओकलंड" सुरू केलं. मैदान राखणारी माणसं कुंपणाशी येऊन लोकांना तिथली माती देत होती. मुलीने कॉफीच्या कागदी कपात मूठभर घेतली. तो कप आमच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी आहे. तुळशीत ती माती घालायची नाही, असं तिने मला बजावून ठेवलंय.

पश्चिम ओकलंडमध्ये रायमोंडी पार्कवर आता ओकलंड बॉलर्स नावाचा छोटा संघ खेळतो. २०२४ मध्ये सुरू झाला. दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी थोडे थोडे पैसे घालून त्याचे हिस्से घेतले, माझाही एक लहानसा आहे. २०२५ मध्ये त्यांनी पायोनियर लीगचं अजिंक्यपद जिंकलं, तेही पहिले दोन सामने हरून. त्यांचा हिशेब आला तेव्हा मी तो वडिलांना पाठवला. इंग्रजी त्यांना अडतं, म्हणून फोनवर एकेक ओळ मराठीत सांगितली. तिकिटांची जमा किती, प्रवासाचा खर्च किती, मैदानाच्या डागडुजीला किती लागले. तोट्याच्या ओळीवर त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि पेन्सिल आणायला आईला हाक मारली.

वाटाघाटीच्या टेबलावर पगारमर्यादेचा कागद ठेवण्याआधी तुमच्या तीसही संघांचे मागच्या दहा वर्षांचे तपासलेले हिशेब जाहीर करा. त्यात टीव्हीचं उत्पन्न, मैदानाभोवतीच्या जमिनीचं उत्पन्न, वाटणीतून आलेले पैसे आणि ते कशावर गेले, हे स्वतंत्र ओळींत दाखवा. वाटणीतला जो पैसा संघावर लागला नाही, तो परत हौदात जाईल असा नियम लिहा. संघ गाव सोडणार असेल तर आधी त्या गावाला, तिथल्या लोकांना, योग्य किमतीला तो विकत घ्यायची संधी मिळेल असंही लिहा. आणि हे टाळं लावायच्या आधी करा.

कळावे,

आपली,
ओकलंडच्या उजव्या बाजूच्या बाकांवरची एक प्रेक्षक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया